ओली फरशी : जिरूच्या रात्रींची नोंदवही

२४ नोव्हेंबर, सुदामानगर, इंदूर

आजपासून वही. कारण एकच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. रात्री बाथरूमला उठतात, दिवा लावत नाहीत, चष्मा घालत नाहीत, आणि पॅसेजच्या फरशीवर जिरूची शू असते. वास, गालिचा, पाहुणे यांचं नंतर बघू. आधी आईंचा खुबा शाबूत राहिला पाहिजे.

जिरू ही नणंदेची कुत्री. थोडी लॅब्रॅडॉर, थोडी गावठी, पांढऱ्या पोटावर जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) भुरभुरल्यासारखे ठिपके, म्हणून हे नाव. वय आठेक वर्षं, वजन २२ किलो, नसबंदी झालेली. नणंदेची बदली झाली आणि कुत्री आमच्या दुसऱ्या मजल्यावर आली. तिच्याकडे असताना हिने घरात कधीही घाण केली नाही, असं नणंद शपथेवर सांगते.

उभा जन्म बँकेच्या काउंटरवर गेल्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला चैन पडत नाही. सापडल्याची वेळ. जागा. शू की शी. अंदाजे किती. तिची गादी ओली की कोरडी. आदल्या संध्याकाळी काय खाल्लं आणि कधी. शेरा.

पुसायच्या आधी लिहायचं, हा नियम घरात जाहीर केला. ह्यांनी कपाळाला हात लावला.

२५ नोव्हेंबर

घरात दोन उपाय तयारच होते, दोन्ही ह्यांचे. पहिला, संध्याकाळी सातनंतर पाण्याचं भांडं उचलायचं. दुसरा, केलेल्या जागी नेऊन नाक टेकवायचं आणि दम भरायचा.

पहिला सध्या स्थगित. वर्षानुवर्षं घर स्वच्छ ठेवणारं मोठं कुत्रं अचानक रात्री आत शू करायला लागलं, तर आधी आजाराचा संशय घ्यायचा. मधुमेह असेल, मूत्रपिंड थकलं असेल, कुशिंगचा आजार (अंगात कॉर्टिसॉल जास्त होणं) असेल, किंवा खाजेवर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या असतील. अशा वेळी शरीर पाणी बाहेर टाकतं आणि कुत्रं ते भरून काढायला पीत राहतं. तिथं भांडं उचललं तर शू थांबत नाही, कुत्रं मात्र आतून कोरडं पडतं.

दुसरा कायमचा रद्द. रात्री तीनची शू आणि सकाळी साडेसहाचा दम यांची सांगड कुत्र्याच्या डोक्यात बसत नाही. त्याला एवढंच कळतं की माणूस आणि शू एकत्र आले की धोका. मग ते माणसासमोर करणं सोडतं, बाहेर साखळीवर असतानासुद्धा, आणि घरात सोफ्यामागची जागा शोधतं.

ह्यांचा युक्तिवाद: "तिला सगळं कळतंय. बघ कसे कान पाडून बसलीये." या कान पाडण्यावर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोग प्रसिद्ध केला आहे. १४ कुत्री घेतली. मालकाने खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं, परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही हे त्याला सांगितलं जायचं, कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं होतं का यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा, न खाल्लेल्या कुत्र्याचासुद्धा. ह्यांना वाचून दाखवलं. "अमेरिकेतली कुत्री," एवढंच म्हणाले.

२६ नोव्हेंबर

नणंदेशी फोन. गोळ्या चालू होत्या का? नाही. नसबंदी कधी? पाचेक वर्षं झाली. पाणी जास्त प्यायची का? लक्ष दिलं नाही. झोपायची कुठं? व्हरांड्यात पोत्यावर. मग पोतं कधी ओलं असायचं का? यावर जरा गप्प राहून, "वहिनी, पोतं रोज उन्हात टाकायचो आम्ही, कोण बघतंय." शी-शूला कुठं जायची? मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली. दार रात्रभर उघडंच.

म्हणजे "कधीही घाण केली नाही" याचा अर्थ "कुणी पाहिली नाही" असाही होऊ शकतो. शेरा लिहून ठेवला.

२८ नोव्हेंबर

पाणी मोजणं वाटलं तितकं सोपं नाही. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे बाथरूममध्ये बादल्या, स्वयंपाकघरात पिंप, गॅलरीत कुंड्यांखाली ताटल्या. जिरूला सगळीकडचं पाणी आवडतं, स्वतःच्या भांड्यातलं सोडून. बादल्यांवर झाकणं आली, ताटल्या उचलल्या, बाथरूमच्या दाराला कडी. सकाळी मापाच्या जगने दोन लिटर ओतायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजायचं, फरक लिहायचा. भांडं तिच्यासमोर चोवीस तास.

निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पितं. किलोमागे १०० च्या वर गेलं तर तपासणी हवीच. जिरूच्या २२ किलोला म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास ठीक, सव्वादोनच्या वर धोका. सध्या थंडी आहे, ती कमीच पिणार, म्हणून आकडा वर दिसला तर तो जास्तच गंभीर धरायचा.

३० नोव्हेंबर

पाणी सव्वा लिटरच्या अलीकडे-पलीकडे. दोन लिटरच्या जवळपासही नाही. हुश्श, पण अर्धंच.

आज महाराणी रोडवरून नोटा तपासायचा हातातला जांभळा दिवा आणला. बँकेत खोट्या नोटा पकडायला वापरायचो तोच प्रकार. अल्ट्राव्हायोलेट उजेडात वाळलेली शू फिकट पिवळट-हिरवी चमकते. रात्री सगळे दिवे घालवून पॅसेजमध्ये बसले. पॅसेजच्या मध्यावर एक मोठा डाग, आणि मुख्य दाराच्या उंबऱ्याशी इतके, की मीच दचकले. हे सगळं आम्ही पुसलेलं होतं! टाइल स्वच्छ, मधल्या सांध्यांतलं सिमेंट चमकतंय. आईंना हा प्रकार फार आवडला. त्यांनी स्वतःच्या खोलीतही दिवा फिरवून घेतला. तिथं एका जुन्या धोब्याच्या डागाशिवाय काही निघालं नाही.

फिनाइल बंद केलं. शेजारच्या भाभी म्हणतात, "हमारे यहाँ तो फिनाइल डाला कि काम खतम." काम आपल्या नाकापुरतं खतम होतं. कुत्र्याला खालचा वास येतोच आणि तो त्याला सांगतो की जागा हीच. शूचा वास नुसत्या पाण्याने नीट जात नाही, त्याला एन्झाइमचं क्लीनर लागतं, आणि ते ओतून लगेच पुसायचं नसतं, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्यायचं. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास शूच्याच घराण्यातला. ब्लीचिंग तर शूवर ओतूच नये, क्लोरामीनचा वायू सुटतो, डोळे आणि छाती जळते. कामाच्या ताईंना हे दोनदा सांगितलं, कारण त्या गुपचूप ब्लीचिंग टाकतात.

२ डिसेंबर

वही वाचून पाहिली. आम्ही "जिरू रात्री घाण करते" असं एकाच नावाने जे म्हणत होतो, ते तीन वेगळे प्रकार निघाले.

पहिला: गादी ओली, पोटाखालचे केस ओले, आणि तिथून उठून चालताना पॅसेजभर थेंब. हे झोपेत होतं. तिलाही ते उठल्यावरच कळत असावं, कारण ओला भाग चाटत बसते.

दुसरा: पहाटे मुख्य दाराशी भरपूर शू, गादी कोरडी. हे जागेपणी, दार उघडेना म्हणून.

तिसरा: गॅलरीत कुंड्यांजवळ शी. बहुतेक मध्यरात्रीनंतर, आणि बरेचदा पातळ.

तिन्हींचं कारण एक असणं कठीण, म्हणून औषधही एक नसणार. ह्यांना हे पटलं. बँकेतसुद्धा तीन वेगळ्या चुका एकाच सस्पेन्स खात्यात टाकल्या की ताळेबंद कधीच जुळत नसे.

४ डिसेंबर

लघवीचा नमुना. सकाळची पहिली हवी, तीच सगळ्यात दाट असते. वरणाचा जुना डाव लांब काठीला सुतळीने बांधला. जिरू बसली की मागून हळूच सरकवायचा, सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची. पहिल्यांदा तिने डावाकडे वळून पाहिलं आणि उठून निघून गेली. पार्किंगमध्ये वॉचमन बघत होता. त्याने काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार. आज जमलं. डाव आता जिरूचाच.

५ डिसेंबर

महूला गेलो. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ सालचं, राऊ ओलांडलं की लांब नाही. डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि पाण्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, हे आधीच केलंत ते बरं, नाहीतर घरी पाठवून हेच करायला सांगितलं असतं.

लघवीची सापेक्ष घनता १.०३४. १.०३० च्या वर असली म्हणजे मूत्रपिंड लघवी नीट दाट करतंय. साखर नाही. कुत्र्याच्या रक्तातली साखर १८०-च्या पुढे गेली की ती लघवीत उतरायला लागते, तसं काही नाही. पू-पेशी नाहीत. सोनोग्राफीत खडा नाही. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, ठीक.

मग गादी ओली का होते? नसबंदीत अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आणि मूत्रमार्गाचं तोंड आवळून धरणारा स्नायू काही माद्यांमध्ये सैल पडतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच नाही, कित्येकदा वर्षांनी. २० किलोच्या वरच्या माद्यांत जास्त. जागेपणी ती धरून ठेवते, गाढ झोपेत आवळ सुटते. मूत्राशयात काही बिघाड नाही आणि स्वभावात तर नाहीच. यावर दोन औषधं प्रचलित आहेत, फिनाइलप्रोपॅनोलामाइन आणि इस्ट्रिऑल. डॉक्टरांनी इस्ट्रिऑल सुरू केलं. कुत्री फार पाणी पीत असेल तर हे औषध देत नाहीत, म्हणून पाण्याचा आकडा हवा होता. दुष्परिणाम म्हणून आचळं किंवा खालचा भाग सुजू शकतो, गल्लीतले नर मागे लागू शकतात. लक्ष ठेवायचं.

येताना ह्यांनी गाडीत जिरूला उगाचच थोपटलं. मी काही बोलले नाही.

६ डिसेंबर

गादीखाली मेणकापड, वर जुनी सुती चादर, दोन्ही रोज धुवायची. ओल्यात पडून पोटाखाली लाल पुरळ आलं होतं, ते कोमट पाण्याने धुवून कोरडं करायचं. मेडिकलमधून आणलेले अंडरपॅड काही दिवस पॅसेजमध्ये. वापरलेले पॅड कचऱ्याच्या गाडीत सॅनिटरीच्या खान्यात द्यायचे, सुक्यात नाही. गाडीवाल्याने पहिल्याच दिवशी थांबवून सांगितलं: "भाभीजी, ये उधर." इंदुरात हे कुणाला चुकवता येत नाही.

११ डिसेंबर

गादी बऱ्याच रात्री कोरडी. पहिला प्रकार आटोक्यात येतोय. दुसरा आणि तिसरा जसेच्या तसे. अपेक्षा तीच होती, गोळीचा त्यांच्याशी संबंध नाही.

तिसऱ्याच्या रकान्यात एक गंमत. जिरूला आम्ही संध्याकाळी साडेसातला भात-अंडं-भोपळा देतो. खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आतडं हलतं, तेव्हा तिला खाली नेलं की ती हिंडते, हुंगते, काही करत नाही. मध्यरात्रीनंतर मात्र पातळ शी. साडेसातच्या जेवणाने हे होऊ नये. आणखी काहीतरी पोटात जातंय, आणि उशिरा जातंय.

१२ डिसेंबर

दूध-पोळी. रात्री साडेदहाला आई स्वतःची दूध-पोळी खातात आणि वाटी जिरूपुढे धरतात. कित्येक आठवडे चालू आहे. मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. ती आतड्यात पाणी ओढते, आंबते, आणि दोन-चार तासांनी दार ठोठावते.

आईंना कसं सांगायचं? त्यांच्या अंगावर ओरडण्यात अर्थ नाही, आणि त्यांना "बंद करा" म्हटलं तर त्या करतील, पण जिरूच्या डोळ्यांना डोळा देणार नाहीत.

१३ डिसेंबर

सकाळी चहाच्या वेळी वही घेऊन बसले. "आई, तुम्हीच सांगा, यातून काय दिसतं?" त्यांनी चष्मा लावून रकान्यांवरून बोट फिरवलं. एकादशीला त्यांनी दूध-पोळी खाल्ली नव्हती. त्या रात्री गॅलरी स्वच्छ.

"म्हणजे मीच का गं?"

"दूध. तुम्ही नाही."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मग तिला द्यायचं काय?" हा प्रश्न मला आवडला. ठरलं असं, की खाऊ आईंच्याच हातचा, पण उकडलेल्या रताळ्याचे तुकडे, आणि तेही जिरू बाहेर जाऊन आल्यावर. देवाच्या प्रसादातले बेदाणे अजिबात नाहीत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. आईंनी हे ऐकून बेदाण्यांचा डबा वरच्या फडताळात ठेवला. तिथं त्यांचाही हात पोचत नाही.

१५ डिसेंबर

शी घट्ट झाली, वेळही बदलली, जागा बदलली नाही. आता पहाटे, पण गॅलरीतच.

पेरूचं झाड आठवा. कुत्र्याची पिल्लं अगदी लहानपणी पायाखाली काय आहे यावरून जागा ठरवतात, आणि ती सवय पुढं टिकते. जिरूला आयुष्यभर माती मिळाली. आम्ही तिला नेतो पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर आणि सिमेंटच्या रस्त्यावर. तिथं ती शू कशीबशी करते, शीला तिला माती हवी. आमच्या घरात माती फक्त एका जागी आहे, गॅलरीतल्या कुंड्यांत. कुत्री तर्काला धरून वागतेय.

गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे, गवत आणि माती. उद्यापासून तिथं. सोबत जुने पेपर आणि पिशवी, उचलायला. या शहरात उचललं नाही तर दंड होतो आणि त्याआधी शेजारी बोलतात.

१६ डिसेंबर

प्लॉटवर पोचल्यावर मोजून काही मिनिटांत. ह्यांनी तिथूनच फोन केला, "झाली!" आवाज असा, की जणू मुलगी बोर्डात आली. आई रताळं घेऊन दारातच उभ्या.

गॅलरीचं दार रात्री बंद. कुंड्या स्टँडवर.

२१ डिसेंबर

आता दुसरा प्रकार, पहाटे दाराशी. ती शेवटची बाहेर जाते रात्री नऊला, आम्ही उठतो साडेसहाला. साडेनऊ तास फार झाले. मोठं कुत्रं आठेक तास धरू शकतं, तेही स्नायू ठीक असलेलं.

दोन बदल. शेवटची फेरी साडेदहाला, ह्यांच्याकडे. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, बारापर्यंत खाणाऱ्या माणसाला साडेदहा म्हणजे काहीच नाही, कुरकुर फक्त थंडीची आहे. आणि जिरू रात्री आमच्या खोलीत, पलंगाच्या पायाला साखळी, वळता येईल आणि पाणी पिता येईल एवढी लांब. गळ्यात घुंगरू. बहुतेक कुत्री स्वतःच्या अंथरुणाजवळ जागेपणी घाण करत नाहीत. उठून अस्वस्थ झाली की घुंगरू वाजतं आणि मला जाग येते.

शिवाय पहाटे साडेचारचा गजर. ती उठायच्या आधी आपण उठायचं, म्हणजे ओरडून उठवायची सवय तिला लागत नाही. दिवा नाही, बोलणं नाही, लाड नाही. खाली, शू, वर, झोप. काही रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटांनी पुढं.

२२ डिसेंबर

साडेचारला तापमान दहाच्या आसपास. जिरूला स्वेटर, मला शाल. वॉचमनने शेकोटीजवळ जागा करून दिली.

३१ डिसेंबर

फटाके. साडेदहाची फेरी झालीच नाही, ती पायरीवरून मागे वळली. रात्री पॅसेजमध्ये शू. हा चौथा प्रकार, भीतीचा, आणि आजच्यापुरताच. गजराचा हिशेब यावरून बदलायचा नाही. पुढच्या दिवाळीआधी डॉक्टरांशी बोलायचं, असं मागच्या पानावर लिहिलं.

९ जानेवारी

गजर साडेपाचवर आला. उंबऱ्याशी जांभळा दिवा फिरवला, सांध्यांमध्ये आता चमक नाही. पॅसेजमधले अंडरपॅड उचलले.

१९ जानेवारी

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गोळी एक दिवसाआड. इस्ट्रिऑल ज्या कमीत कमी मात्रेवर गादी कोरडी राहील तिथपर्यंत आणायचं असतं. सूज नाही. गल्लीतला काळा कुत्रा दोन दिवस फाटकाशी बसला होता, आज नाही.

२३ जानेवारी

आणखी कमी करून पाहिली. गादी ओली. पुन्हा एक दिवसाआड. डॉक्टर फोनवर म्हणाले, हीच तिची मात्रा, आता हलवू नका, आणि लघवी अधूनमधून तपासत राहा, कारण सैल तोंडातून जंतू आत शिरणं सोपं होतं.

२८ जानेवारी

गजर बंद. साडेसहाला ह्यांच्याबरोबर प्लॉटवर, रात्री साडेदहाला पुन्हा. साखळी काढली, घुंगरू ठेवलं, कारण आईंना आवडतं: अंधारात ती कुठं आहे ते कळतं. पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवाही लावला, तो मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

उरलेली कामं: सांध्यांतलं सिमेंट उकरून नवं भरायचं, मिस्त्रीला सांगितलंय. नणंदेला पोत्याबद्दल लिहायचं. एप्रिलमध्ये उन्हाळ्याचं पाणी परत मोजायचं, कारण तेव्हा ती जास्तच पिणार आणि आत्ताचा सव्वा लिटर ताडून पाहायला उपयोगी पडणार नाही.